लालसूचा माईक

चंद्रपूरच्या जहीर शेखला अल्लाहनं कान मोठे तिखट दिले होते. रेडिओ दुरुस्त करता करता तो संस्थांना माईक, स्पीकर, प्रोजेक्टर बसवून देणाऱ्या दुकानात लागला. पण त्याची विकायची तऱ्हाच निराळी. दरपत्रक आधी काढायचंच नाही. सभागृहात जायचं, टाळी वाजवून आवाज कुठून परत येतो ते ऐकायचं, मग सगळ्यात मागं जाऊन बसायचं. मालक वैतागायचा, "तू माल विकून राह्यला का नाडी पाहून राह्यला रे?"

२००३च्या जानेवारीत मात्र मालकानं निक्षून सांगितलं, "गडचिरोलीचं हे काम आणलं तं ठीक. नाई तं पुन्हा रेडिओच्या टेबलावर बस."

काम होतं एका आरोग्य संस्थेच्या पत्र्याच्या सभागृहाचं. गावोगावच्या बाया तिथं औषधपाण्याचं शिकायला येत. दुसऱ्या एका दुकानानं दोन दांडगे स्पीकर सुचवले होते. जहीर आठवडाभर आधी एका सभेत मागं बसून आला होता. डॉक्टर मराठीत बोलत, त्या बायांच्याच मुलखातला दुभाषा लालसू एकेक वाक्य गोंडीत सांगे, आणि एकच माईक दोघांत जा-ये करी. आवाज मागच्या भिंतीवर आपटून घुमायचा. मागच्या बायांना ना मराठी पोचे, ना गोंडी.

जहीरनं सहा छोटे स्पीकर, मागच्या भिंतीला जाड सतरंज्या आणि लालसूसाठी दुसरा माईक सुचवला.

"एवढ्याशा डब्यांनी होते का, जहीरभाऊ?" संस्थेचे गुणवंतराव हसले.

"आवाज कमी, पण जवळून. दाखवतो साहेब. नाई पटलं तं उचलून नेतो."

दाखवायच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. जहीरनं बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. डॉक्टरांचा शब्द न् शब्द मागपर्यंत गेला! गुणवंतराव मान डोलवू लागले. आता पाळी लालसूची. जहीरनं त्याला मोठ्या मानानं मंचावर, डॉक्टरांच्या शेजारी उभं केलं होतं.

लालसू बोलेचना. जहीरनं वायर पाहिली, बटण पाहिलं. सगळं ठीक.

"काऊन लालसूभाऊ, माईक चावते का?"

लोक हसले. लालसू हसला नाही. हळूच म्हणाला, "साहेबाजवळ उभा राहून आपल्याच माणसायले सांगू? आमच्याकडं सांगणारा मधात बसते, भाऊ. इथून बोललो तं मी सरकारी माणूस वाटतो."

जहीरनं कपाळावर हात मारला. त्या दिवशी कान लावून सगळं ऐकलं, पण लालसू खाली लोकांत बसतो आणि माईक त्याला मंचावरून खाली देतात, हे डोळ्यांना दिसलंच नव्हतं!

गुणवंतरावांनी घड्याळ पाहिलं. जहीरनं पिशवीतलं वायरचं जास्तीचं भेंडोळं ओढलं, जोडलं, आणि माईक घेऊन थेट लोकांत घुसला. "या भाऊ, बसा इथी."

लालसू मांडी घालून बसला आणि गोंडी अशी वाहू लागली की मागच्या बाया पुढं सरकल्या. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून बुधरीबाईनं हात वर केला. जहीरनं नेऊन दिलेला माईक आधी तिनं झटकला, मग दोन्ही हातांनी घट्ट धरला. लालसूनं तिचं बोलणं मराठीत सांगितलं, "लेकरानं हिवतापाची गोळी ओकून टाकली तं पुन्हा द्याची का?"

गुणवंतराव ताडकन उठले. "तीन वर्षांत मागून पहिला सवाल! जहीरभाऊ, लिहा. काम तुमचं. अन् माईक चार लावा, चार!"

"चार कायले, साहेब? दोनच पुरे. वायर तेवढी लांब घ्या."

"अजब माणूस! विकाले आले का नाई तुम्ही?" म्हणत त्यांनी सही ठोकली.

दाखवायचं सामान दुपारच्या एसटीनं परत न्यायचं होतं. पण बुधरीबाईकडून माईक शेजारच्या रुखमाबाईकडं गेला होता, तिच्यामागं आणखी चार हात वर होते, आणि जहीर भेंडोळं सोडत सोडत त्यांच्यामागं मागच्या भिंतीपर्यंत पोचला होता.