चहाआधीची चीर

शिरूरकडच्या एका कारखान्यात मी झाडलोट करायची. तिथं पंपात बसणाऱ्या सिरॅमिकच्या पांढऱ्या रिंगा बनत. नजर चांगली म्हणून साहेबांनी मला तपासणीच्या खोलीत घेतलं. रिंगेचा घासून चकचकीत केलेला तुकडा यंत्राखाली ठेवायचा आणि वरून हिऱ्याचं टोक दाबायचं. चौकोनी खळगा पडतो, त्याच्या कोपऱ्यांतून केसासारख्या चिरा निघतात. मायक्रोस्कोपमधून त्या मोजायच्या. चीर जितकी लांब, तितका माल ठिसूळ. आकडे वाचण्यापुरती माझी चौथी पुरे होती.

साहेबांची पद्धत अशी, की सकाळी सगळे तुकडे दाबून ठेवायचे आणि चहा झाल्यावर एकदम मोजायचे. मी मात्र दाबल्यावर सवयीनं एकदा बघायचीच. पावसाळ्यात लक्षात आलं, चहाआधीची चीर चहानंतर लांब झालेली असते. चार दिवस नीट पाहिलं, मग भीत भीत साहेबांना सांगितलं.

ते हसले. "बाई, तो काय दोडक्याचा वेल आहे वाढायला? चष्मा लावा."

तेव्हाच माल सारखा नापास होत होता. ठपका आला रिंगा भाजायच्या भट्टीवरच्या बाईवर. ती माझ्याच गावची, मांडवगणची. तिनंच मला कामाला लावलं होतं. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं.

"भट्टी काय आज लावती व्हय मी?" ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आगं, मोजतीस तू. तू सांग की."

आमचे साहेब शेजारीच उभे होते. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"आकडे बरोबर आहेत ना?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको म्हणून सांगितलं.

दिवाळीनंतर पुण्याहून एक इंजिनिअर मॅडम आल्या. हवेतल्या ओलीनं चीर वाढत राहते, दाबल्या दाबल्या मोजा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

"वा मॅडम, काय नजर आहे!" आमचे साहेब म्हणाले.

भिंतीवर तसा कागद लागला. जपून ठेवलेले जुने तुकडे परत दाबून मोजले, बहुतेक पास झाले. तिला परत बोलवा, असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

ती आता दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. एकदा संध्याकाळच्या एसटीत चढली. मी सरकून जागा केली.

"बस तू," ती म्हणाली. "मला उभं ऱ्हायची सवय हाय."