हिरवळीवरचा मोकळा ठोका

"यांचा गाणारा कुटं हाय?"

"गाणारा न्हाई. नुसतं वाजवनार हायेत."

"मंग झालं, आबा. पंधरा मिंटात मानसं उठत्यात बघा. म्हनून तर म्हनतो, औंदाच्या जत्रंला डीजेच पायजे. नुसत्या हलगीवर आता कोन नाचतंय?"

रविवारची दुपार होती, तुंगार्लीतल्या एका रिसॉर्टची हिरवळ, आणि तिच्यावर एका बँडचा कार्यक्रम. बोलणारा पप्पू. कार्यक्रमाचा जनरेटर त्याचा, आणि गावच्या जत्रा कमिटीत शब्दही त्याचाच. आबा म्हणजे दत्तोबा, रिसॉर्टचा माळी. गावच्या पालखीपुढं तीस वर्षं हलगी त्यानंच घुमवलेली. औंदा ती बंद करायचं घाटत होतं, मंगळवारच्या बैठकीत शिक्का बसणार होता. दत्तोबाला चार दिवस भाकरी गोड लागत नव्हती, पण तो कुणाच्या दारात गेला नाही. मागून मिळतो तो मान कसला?

बँडचे पाच जण स्टेजवर चढले. ड्रमवाल्यानं हळू ठेका धरला, जाड तारांच्या गिटारवाल्यानं त्यात दोनदोन सूर टाकले. दत्तोबाला वाटलं, शेकतायत. हलगी जाळावर शेकताना कातडं ताणलं का ते मधनंमधनं वाजवून बघतात, तसंच. म्हणून तो निवांत कर्दळीच्या वाफ्यात तण उपटत बसला. दहा मिनिटं गेली तरी शेकणं सरेना, आणि त्याचा डावा पाय आपसूक हलायला लागला. तेव्हा उमगलं, खेळ तर केव्हाच सुरू झालाय.

तो उठून पुढं आला. ड्रमवाला दर फेरीला एक ठोका गिळत होता. सगळे ठोके भरून वाजवतो तो कच्चा, हे दत्तोबाला बापानं कानाखाली वाजवून शिकवलं होतं. एक जागा मोकळी सोडायची, माणसाचा पाय तिथंच पडतो. आणि पडत होताच. शहरातली जपून बसलेली माणसं खुर्च्या सोडून, चपला भिरकावून गवतात उतरली होती. सॅक्सोफोनवाली पोरगी गाल फुगवून सूर वर वर नेत होती, आणि एकदम पाचही जण थांबले. शे-दीडशे माणसं पाय उचलून तशीच उभी. मग पाचही वाद्यं एकदम कोसळली, आणि दत्तोबाच्या तोंडून पालखीपुढची आरोळी सुटली. ड्रमवाल्यानं मान वळवून बघितलं, हसला, आणि तीच फेरी पुन्हा जोरात घेतली. दत्तोबाचा ऊर भरून आला. अंगावरचं दहा वर्षांचं वय गळून पडलं म्हणा ना.

जनरेटरपाशी पप्पू घामाघूम नाचत होता. दत्तोबा त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"काय रं, ह्ये गानं कंचं?"

"काय ठावं."

"मंग नाचतोयस कशावर?"

पप्पूचे पाय थांबले. त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, स्टेजकडं बघितलं, मग दत्तोबाकडं.

"मंगळवारी हलगी घिऊन या, आबा. कमिटीतल्या पोरांना ऐकवा."

"मी न्हाई येत. हलगी जत्रंलाच वाजंल. बैठकीत बोलायचं तू."

पप्पूनं मान डोलावली. बोलतो म्हणाला, आणि पुन्हा नाचायला लागला.

बँडनं अजून दोन वेळा माणसं नाचायला उठवली. सगळे पांगल्यावर दत्तोबानं बघितलं, तर हिरवळ पार भुईसपाट झालेली. याच हिरवळीवर तीन दिवसांनी एक लग्न होतं. त्यानं फावडं घेतलं, जिथं गवत मुळासकट उखडलं होतं तिथं माती ओढली आणि पायानं दाबत दाबत पुढं सरकला.