राधाबाईंनी मागितलेली प्रत

राधाबाई देवबागची. नवरा गेल्यावर तीस वर्षं मासे विकले, दोन पोरं मोठी केली. बाजारात तिच्या तोंडाला लागायची आम्हा ऑफिसवाल्यांची छाती नव्हती. आमच्या तहसील ऑफिसात मात्र ती दाराबाहेर चपला काढून यायची.

२००७ चा मार्च. माहेरच्या पाच गुंठे माडांच्या जागेवरून भाऊ शिवा तिचं नाव काढायला निघाला होता. नोटीस आली होती. हरकत घ्यायला पंधरा दिवस, आणि तो शेवटचा शुक्रवार. सकाळचा लिलाव सोडून ती फेरफाराची नक्कल मागायला माझ्या टेबलाशी आली. नक्कल नसली तरी हरकत घेता येते, हे मला ठाऊक होतं. सांगितलं नाही. कॉम्प्युटर बंद आहे, सोमवारी या, म्हटलं आणि स्क्रीन तेवढी माझ्याकडे वळवून घेतली. सोमवारी तिचं नाव गेलेलं होतं.

ती काही गप्प बसणारी नव्हे. शेजारच्या उर्वशीकडून तिने माहितीच्या अधिकारात अर्ज लिहून घेतला: शुक्रवारी कॉम्प्युटर बंद होता याची नोंद द्या, नसेल तर त्या दिवशी त्यावर झालेल्या कामाची प्रत द्या. अर्ज वाचून आम्ही हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी त्या दिवसाची यादी काढायला लावली. दिवसभरात एकच फाइल होती. तिची प्रत मीच राधाबाईंच्या हातात द्यायची, असं त्यांनी ठरवलं.

तिने कागद घेतला आणि परत माझ्यापुढे धरला.

“वाच रे झिला. माका वाचूक येना नाय.”

आजूबाजूची पेनं थांबली. माझ्या लेकीच्या, जानकीच्या लग्नाची पत्रिका होती ती. मुहूर्त, स्थळ, थेट ‘अगत्य येण्याचे करावे’पर्यंत मोठ्याने वाचावी लागली. आता शिव्या येणार म्हणून मान खाली घातली. पण आमच्याकडे पत्रिका ऐकली की मुलीची चौकशी केल्याशिवाय कुणी उठत नाही. तीही उठली नाही.

“चेडवाचा लगीन बरा झाला मा?”

“झाला,” मी म्हटलं.

“बरा झाला. आता माझ्या नावाचा काय ता सांग.”

प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावं लागेल म्हणालो, तिथल्या तिथे लिहूनही दिलं. आता २०१० आलं. निकाल नाही. त्या जागेत शिवाचं घर उभं राहिलं आणि राधाबाई अजून तारखांना जाते. लग्न मात्र खरंच चांगलं झालं होतं.