लशींच्या फ्रीजची पूजा

दमयंती नर्सबाईंनी सूड घ्यायचं ठरवलं ते रडूनबिडून झाल्यावर, चहा उकळता उकळता.

त्यांचं आरोग्य केंद्र सावर्ड्याच्या आतल्या अंगाला. त्या वर्षी एका वाडीत गोवर आला, आणि नेमका लस टोचलेल्या पोरांना आला. केरूची बायको राही फणफणलेलं लेकरू घेऊन केंद्राच्या पडवीत येऊन बसली. तिथं, सगळ्या आयांच्या देखत, डॉक्टर आत्माराम आपल्या पुणेरी नाकातून म्हणाले, "त्याचं काय आहे, लस उत्तमच असते हो. टोचणाऱ्याचा हात चांगला लागतो."

झालं! पोर वाचलं, पण बाईंचं नाव गेलं. त्या वाडीत शिरल्या की दारं आतून लागायची. राहीनं तर खिडकीतूनच सांगून टाकलं, "तुझा हात नको गो बाय माझ्या पोराला."

लस कशानं बिघडली ते बाईंना ठाऊक होतं आणि डॉक्टरांनाही. गावात फ्रीज एकच, केंद्रातला. त्यात डॉक्टरांच्या बायकोचे, म्हणजे डॉक्टरीणबाईंचे मासे, सरपंचांकडच्या मुंबईकर पाहुण्यांचा बर्फ; दार दिवसभर उघड-मीट, उघड-मीट; लशीला लागणारा गारवा टिकायचा कसा? खुद्द बाईंचा खरवसाचा डबाही तिथंच विसावायचा. मग बोलायचं कुठल्या तोंडानं?

सत्त्याऐंशीत वरून हुकूम आला: मुलांच्या लसीकरणात सुधारणा करायची, प्रत्येक केंद्रानं योजना आखायची, जिल्ह्याचे साहेब जातीनं बघायला येणार. डॉक्टरांनी जांभई देत ते काम बाईंच्या गळ्यात टाकलं. बाईंनी मन लावून योजना आखली. प्रत्येक वाडीला ठरलेला वार, आयांची बैठक, आणि शुभारंभाला फ्रीजची पूजा. मुलांची लस तिथंच राहते ना, डॉक्टर? डॉक्टरांना कल्पना गोड वाटली. पूजा म्हणजे बाहेरून हार नि कुंकू. देव्हाऱ्यातल्या देवाचं पोट कोण उघडून बघतं?

मग बाई डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि मधाळ आवाजात सहज म्हणाल्या, साहेबांचा पापलेटावर फार जीव आहे म्हणे. पूजेच्या दिवशी दाभोळहून सकाळीच पापलेटं आली. ठेवणार कुठं? फ्रीजमध्येच.

त्या दिवशी फ्रीज नवऱ्यामुलासारखा सजला होता. पडवीत आया दाटीवाटीनं बसलेल्या, राही पुढंच. नारळ फुटला, डॉक्टरांनी भाषण ठोकलं, साहेबांनी हार घातला. तेवढ्यात बाई हात जोडून पुढं झाल्या. "साहेब, आजची पहिली लस आपल्या हातानं काढा. या आयांना धीर येईल."

डॉक्टर "अहो, जेवण निवतंय" म्हणेपर्यंत साहेबांनी दार ओढलंदेखील.

वासानंच पडवी सावध झाली. सगळ्यात पुढं स्टीलचा डबा होता. साहेबांनी त्यावर कोरलेलं नाव वाचलं: दमयंती. "माझाच, साहेब," बाई म्हणाल्या. "खरवस आहे." तो त्यांनी मुद्दाम पुढं ठेवला होता, आपलं आधी निघालं की दुसऱ्याचं काढायला मोकळीक. त्यामागं दुसरा डबा, पसरट. साहेबांनी झाकण उचललं. हळद लावलेली पापलेटं छपराकडे बघत पडली होती आणि लशीच्या कुप्या त्यांच्यामागं कोपऱ्यात अंग चोरून उभ्या होत्या. झाकणावर कोरलेलं होतं: चि. सगुणास मामाकडून सप्रेम.

"ही सगुणा कोण?" साहेबांनी विचारलं.

डॉक्टरांना एकदम खोकला आला. उत्तर राहीनं दिलं. "डॉक्टरीणबाय ती." मग बाईंकडे वळून हळूच म्हणाली, "म्हंजे हात नव्हता वाईट."

साहेब न जेवता गेले. मेमो दोघांनाही आले. बाईंनी आपला मेमो खरवसासारखा चवीनं वाचला. फ्रीजला कुलूप लागलं, किल्ली बाईंच्या कमरेला. आता वाडीतल्या आया पोर पुढं करण्याआधी फ्रीजमध्ये डोकावून घेतात, आणि बाई त्यांना पटकन बघा म्हणतात, गारवा जातो.

शिमग्याला डॉक्टरांकडे पुण्याचे पाहुणे आले. डॉक्टर स्वतः भांडं घेऊन दाराशी उभे राहिले, थोडा बर्फ मिळेल का म्हणाले. बाईंनी किल्लीवरून अंगठा फिरवला नि आवाज थेट नाकात चढवला.

"त्याचं काय आहे, बर्फ उत्तमच असतो हो. मागणाऱ्याचा हात चांगला लागतो."