तीसच्या आधीची उणे खूण

आज गुरुवार. दहावीला भिंगाचा धडा होता. कापूस वेचणीमुळे वर्ग अर्धाच भरला.

मी या शिक्षकांच्या ग्रुपवर फारसं लिहीत नाही. माझे मिस्टर आमच्याच अकोटच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. दिवाळीआधी ते गेले. इंटरनेटवरच्या एका मोफत साधनात त्यांनी भिंगाची हलती आकृती करून ठेवली आहे. मेणबत्ती सरकवली की प्रतिमाही सरकते. शेजारी त्यांनीच लिहिलंय, "याले सरकवून पाहा." आज ती मी प्रोजेक्टरवर लावली.

शिफा म्हणाली, "मॅडम, वस्तूचं अंतर नुसतं तीस काहून? मायनस पायजे ना?"

मागून वैभव म्हणाला, "सर चुकत नाहीत वं. पुस्तकच चुकलं असन!"

सगळे हसले. मीही हसले. पण शिफाचं बरोबर होतं; भिंगाच्या डावीकडे ठेवलेल्या वस्तूचं अंतर उणे धरतात.

त्यांचा पासवर्ड मला माहीत नाही. आकृतीची प्रत काढून दुरुस्त करता येते, पण मग तिच्याखाली त्यांच्याऐवजी माझं नाव येतं. तशीच ठेवली, तर मुलं परीक्षेत चुकतील. पुढच्या वर्षीही हाच प्रश्न येणार. तुम्ही काय केलं असतं?

मी मार्करनं पांढऱ्या फळ्यावरच, तीसच्या आधी, एक आडवी रेघ मारली. मुलांनी उतरवून घेतलं.

शाळा सुटल्यावर प्रोजेक्टर बंद केला. मेणबत्ती, भिंग, आकडा, त्यांचं नाव, सगळं गेलं. फळ्यावर नुसती माझी रेघ राहिली.

डस्टर घेऊन ती पुसली आणि वर्गाच्या खिडक्या लावल्या.