रेंज फुल, आवाज नाही

"तुही बायको बी एम्युलेटरच होय बे, प्रशांत. रेंज फुल, आवाज नाही."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन पडद्याच्या अलीकडे उभी होते. पलीकडे माझे मिस्टर प्रशांत आणि त्यांचे भागीदार गुड्डूभाऊ कंप्युटरसमोर बसून हसत होते. प्रशांतही हसले, ते मी आवाजावरून ओळखलं. लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. मी आत जाऊन चहा ठेवला आणि परत आले. कपबशीसुद्धा वाजू दिली नाही. म्हणजे गुड्डूभाऊंचं म्हणणं मीच खरं करून दिलं.

बालाघाटला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत यांचा कंप्युटर क्लास चालायचा. तिकडे पीजीडीसीए डिप्लोमाची मुलं, इकडे स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा. पडद्यातून फोडणीचा वास तिकडे जायचा आणि किस्से इकडे यायचे. बोलणाऱ्या माणसाचे किस्से बोलता बोलता संपतात. न बोलणाऱ्याकडे ते डब्यात राहतात. माझ्याकडे त्या एका वर्षाचा डबा भरून आहे.

*

एम्युलेटर म्हणजे काय ते आधी सांगते, कारण सासूबाईंनाही मला ते सांगावं लागलं होतं. खरा फोन नसतोच. कंप्युटरवर फोनचं चित्र उघडतं आणि ते फोनासारखं वागतं. बटणं दाबता येतात, नावं साठवता येतात, घड्याळ चालतं. वरच्या कोपऱ्यात रेंजच्या दांड्या सदा भरलेल्या. पण त्यावरून कुठे फोन लागत नाही.

अँड्रॉइडचा खरा फोन तेव्हा बालाघाटात कोणाच्या हातात मी पाहिला नव्हता. त्याचं चित्र मात्र आमच्या घरात होतं. ते विनूभाऊजींनी बसवलेलं. विनूभाऊजी म्हणजे प्रशांतचे धाकटे भाऊ. नागपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या कंप्युटरवर त्यांनी हे सगळं मांडलं. सुट्टी संपायच्या आत लालबर्र्याच्या रस्त्यावर त्यांची मोटरसायकल घसरली.

त्यानंतर वर्षाने मी या घरात आले. मी त्यांना फोटोत पाहिलंय, हार घातलेल्या. आणि त्यांच्या अक्षरात.

*

अक्षराचा किस्सा असा. प्रशांत आणि गुड्डूभाऊंच्या मनात मोबाइलचे प्रोग्राम शिकवायचा कोर्स काढायचं आलं, जिल्ह्यातला पहिलाच! त्यासाठी भाऊजींच्या मशीनवरचा एम्युलेटर पुन्हा चालू करायला घेतला. वर्षभर बंद पडलेलं मशीन. मॉनिटरचा पडदा काळा. पाच मिनिटं थांबायचं, गुड्डूभाऊ म्हणायचे, "हँग हो गया यार," आणि बटण दाबून मशीन बंद करायचे. पुन्हा सुरू, पुन्हा काळा. असं तीन दिवस.

ओसरीत पेपर वाचणारे माझे सासरे, जंगल खात्यातून रिटायर झालेले, न बघताच म्हणाले, "एवढ्यात तं छोटी लाइनची गाडी समनापूरले पोचते."

मॉनिटर थोडा उंच व्हावा म्हणून त्याच्याखाली एक वही घातलेली होती. झाडू मारताना मी ती ओढून पाहिली. भाऊजींची वही. एम्युलेटर कसा बसवायचा याच्या पायऱ्या ओळीने लिहिलेल्या: आधी जावा टाकणे, मग कंप्युटरला जावाचा रस्ता (पाथ) दाखवणे, मग फोन तयार करणे. सातवी पायरी होती, "स्क्रीन बराच वेळ काळी राहते. घाई करू नये. चहा पिऊन यावे."

वही मी जागेवर ठेवली आणि चहा नेला. दोघांनी दोन घोटांत संपवला आणि मशीन बंद केलं. दुसऱ्या दिवशी मी चहा उकळता नेला, सोबत चिवडाही. प्यायला वेळ लागला. फुंकर मारता मारता पडदा उजळला.

"देखा, मैंने किया," गुड्डूभाऊ म्हणाले.

*

तुम्ही विचाराल, सांगितलं का नाही? माझ्या बायोडाटात 'बीसीए, गोंदिया' असं लिहिलेलं होतं. त्याच्या खालच्या ओळीत 'गृहकार्यात निपुण' होतं. या घरात ती एकच ओळ वाचली गेली. मीही वरची ओळ वाचून दाखवली नाही.

दुपारी क्लास रिकामा असायचा. तेव्हा मी खांद्यावर फडकं टाकून जायची आणि वहीतल्या पायऱ्या एकेक करून पाहायची. कोणी आलं की मॉनिटर पुसायची. शेजारी माझी कीर्ती झाली, की प्रशांतची बायको फार टापटिपीची.

*

वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "फोन वाजवून पाहायचा असल्यास." खाली एक आज्ञा, म्हणजे कमांड, आणि नमुन्यादाखल एक मोबाइल नंबर. ती आज्ञा कंप्युटरच्या काळ्या खिडकीत टाइप केली की एम्युलेटरला वाटतं, त्या नंबरावरून फोन आला. मी जसंच्या तसं लिहिलं.

फोन वाजला. पडद्यावर नंबर यायला हवा होता. नाव आलं. Vinu.

नमुन्याचा नंबर भाऊजींचा स्वतःचा होता. आणि त्या खोट्या फोनात त्यांनी घरातल्या सगळ्यांची नावं साठवून ठेवली होती, स्वतःचंही.

मागे सासूबाई उभ्या होत्या. हातात तांदूळ निवडायचं सूप. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण मुलांची नावं अक्षराच्या आकारावरून ओळखतात. भाऊजींनीच शिकवलेलं. ते म्हणायचे, मास्तर वहीवर बरोबरची खूण करतात ना, तसं अक्षर आधी दिसलं की आई, तो मी.

"उचल ना," त्या म्हणाल्या.

 उचलायचं सोडून मी वहीतली पुढची ओळ टाइप केली, फोन कापायची, आणि वाजणं थांबलं. पडद्यावर तेवढं राहिलं, एक मिस्ड कॉल, आणि ती बरोबरची खूण.

माझ्या खांद्यावर फडकं होतं. त्यांना वाटलं, मी पुसत होते आणि फोन आपोआप वाजला.  याच जागी मी बोलायला हवं होतं.

*

संध्याकाळी घरात चर्चा. गुड्डूभाऊ म्हणाले, बग आहे. सासऱ्यांनी विचारलं, बग म्हणजे? प्रोग्राममधला किडा, असं त्यांनी समजावलं. सासरे म्हणाले, आमच्या हापिसात फायलीले किडा लागे तं कागद खाये, माणसाचं नाव घेऊन हाक नाही मारे. प्रशांत उठून गेले.

सासूबाई एकट्याच शांत होत्या. "चुकून आला असन," त्या म्हणाल्या. "पण आला ना. आन मी उचलला नाही."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी तीन वाजता, फोन आला होता त्या वेळेला, त्या स्टूल घेऊन मॉनिटरसमोर बसायला लागल्या. क्लास भरला तरी उठायच्या नाहीत, तांदूळ तिथेच निवडायच्या. क्लासची मुलं आधी बाहेर चपला वाजवत यायची, ती हळू यायला लागली. एकाने तर की-बोर्डही हळू दाबायला घेतला.

एकदा लाइट गेली. मी मेणबत्ती घेऊन आले, तर काळ्या पडद्यासमोर बसून त्यांनी मला विचारलं, "लाइट नसताना फोन आला तं त्याले का सांगते वं ते? बंद आहे म्हणून सांगते का?"

मी मेणबत्ती ठेवली. मला उत्तर येत होतं.

*

तिरोडीहून त्यांच्या बहिणीचा निरोप आला. भाचीचं लग्न, चार दिवस आधी या. या बहिणीकडे जाण्यासाठी सासूबाई एरवी आठवडाभर आधी पिशवी भरून ठेवतात. त्यांनी नाही म्हणून कळवलं. कारण सांगितलं, गुडघे दुखतात.

रात्रीच्या जेवणात त्यांची पोळी अर्धी झाली होती. सासरे दोनदा 'खा ना' म्हणाले. प्रशांतनी मला एकटीला सांगितलं, रविवारी ते मशीन फॉरमॅट करतो. विनूचं त्यात जे आहे ते जाईल, पण आई तरी उठेल. सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. भावाचं शेवटचं काही पुसायचं, तर माणूस दुसरीकडेच पाहतो.

*

रविवारी सीडी घेऊन प्रशांत खोलीत आले, सोबत गुड्डूभाऊ. सासूबाई स्टुलावरच होत्या. सासरे दारात.

"आई, ऊठ. तो विनू नव्हता."

"मले मालूम आहे. मी का पागल आहो?"

"मंग काहून बसतं इथं?"

"एक डाव चूक झाली," त्या म्हणाल्या. "अजून एक डाव होईन."

प्रशांत सीडी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, की ती चूक माझी होती. वही काढून दाखवली, आज्ञेवर बोट ठेवलं, नंबर कोणाचा तेही सांगितलं. फडक्याचंही सांगितलं. लग्न झाल्यापासून बोलले नव्हते तेवढं सलग बोलले असेन. गुड्डूभाऊ वहीकडे पाहत राहिले. सासरे खाली पाहत होते. प्रशांत माझ्याकडे पाहत होते, पण ते मी नीट पाहिलं नाही. मी सासूबाईंकडे पाहत होते, त्या रागावतील म्हणून.

त्यांनी स्टूल थोडं सरकवलं, मला बसायला जागा केली.

"लाव मंग. मी पाह्यतो."

मी बसले. भाऊजींचा नंबर टाइप केला नाही. आधी त्या खोट्या फोनात एक नवीन नाव साठवलं, माझा नंबर घातला आणि मग तो वाजवला. पडदा उजळला. Swati.

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "हे सापावाणी अक्षर कोनाचं होय?"

मी काही न सांगता त्यांचा हात माउसवर ठेवला आणि हिरवं बटण दाखवलं. त्यांनी दाबलं. फोन उचलला गेला. सेकंद मोजायला लागले, एक, दोन, तीन. त्यांनी पदर सावरला, खाली वाकून कान मॉनिटरला लावला आणि डोळे मिटले.

"आवाज नाही येऊन राह्यला," त्या म्हणाल्या.

गुड्डूभाऊंनी तोंड उघडलं, एम्युलेटरला आवाज नसतो हे समजवायला. प्रशांतनी त्यांचा दंड धरला.

मी त्यांच्यापासून एक हातावर होते.

"आई, मी स्वाती बोलून राह्यली. ऐकू येऊन राह्यलं का?"