धारेवर नजर ठेवणारे हरीभाऊ

श्री. हरिश्चंद्र राऊत, म्हणजे आम्हा सर्वांचे हरीभाऊ, यांना मी पहिल्यांदा पाहिले ते उमेळ्याला, माझ्या आईवडिलांच्या इमारतीच्या जिन्यात. मी राहायला विरारला, मनवेलपाड्यात. पावसाचा जोर पाहून आदल्या दिवशीच माहेरी आले होते. सकाळी तळमजल्यावर कमरेइतके पाणी होते. बाबांना आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे हलवले होते, पण त्यांचे डायलिसिस एकदा चुकले होते आणि पावले सुजू लागली होती. शेजाऱ्यांनी कुणाकुणाला फोन केले आणि दुपारी चक्क जिन्याच्या तोंडाशी एक होडी येऊन टेकली. मागे छोटेसे जुने मशीन, पुढे बांबू घेतलेले एक कोळी गृहस्थ आणि मशीनपाशी पांढऱ्या सदऱ्यावर नारिंगी लाइफ जॅकेट घातलेले हरीभाऊ.

त्यांचे पहिले वाक्य होते, "पेशंट कोण? चष्म्याला दोरी बांधा आधी. पाण्यात पडला तर मिळणार नाही."

बाबा त्या अवस्थेतही हसले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. हरीभाऊ मूळचे निर्मळचे. घरची केळीची आणि फुलांची वाडी, आणि कारखान्यातली नोकरी निवृत्तीपर्यंत केलेली. होडीशी त्यांच्या घराण्याचा काही संबंध नाही. पण वसईत पाणी साचू लागले, वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतून माणसे अडकू लागली, तेव्हा त्यांनी आपले शाळूसोबती पास्कलभाऊ यांच्याकडून त्यांचे बाजूला पडलेले आउटबोर्ड मशीन मागून घेतले. जिन्यापाशी बांबू घेऊन उभे होते ते हेच पास्कलभाऊ. मच्छीमारीतल्या या मित्राने मशीन दिले आणि सोबत स्वतःलाही दिले.

त्या दिवशी होडी बाबांना आणि मला घेऊन निघाली, आई शेजाऱ्यांकडेच थांबली. मोठ्या नाल्यापलीकडे कोरड्या रस्त्यावर रुग्णवाहिका थांबली होती. मी बाबांचा हात धरून समोर पाहत होते. हरीभाऊ मात्र सारखे मागे पाहत होते. मशीनच्या मागून पाण्याची एक बारीक धार पडत होती, तिच्यावर त्यांची नजर होती. नाला नजरेच्या टप्प्यात आला आणि त्यांनी एकाएकी मशीन बंद केले.

"अहो काका, बंद का केलं? चालत होतं की!"

"चालत होतं, पण पाणी टाकत नव्हतं. धार थांबली, ताई. आता दामटलं तर नाल्याच्या मधोमध जाम होईल, आणि तिथली ओढ वल्ह्याला ऐकणार नाही."

पास्कलभाऊंनी बांबूने होडी रस्त्याच्या उंचवट्याकडे वळवली. तिथे डांबर उघडे होते. बाबांना एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवले, मी छत्री धरली, आणि दोघा मित्रांनी होडीची मागची बाजू डांबरावर ओढून घेतली.

तेव्हा मला यातले काही कळत नव्हते. आज सांगू शकते. मशीनच्या खालच्या पायात पात्यांचे एक रबरी चक्र असते, त्याला इंपेलर म्हणतात. ते फिरते तेव्हा बाहेरचे पाणी ओढून वर चढवते, त्या पाण्याने मशीन थंड राहते, आणि धार पडते ती त्यातलीच. पुराच्या पाण्यात वाळू, चिखल, प्लास्टिक सगळेच असते. रबर झिजते, पाती तुटतात. मग चक्र बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

हरीभाऊंनी जॅकेट काढले, मग अंगातला सदरा काढला आणि तो ओल्या डांबरावर अंथरला. जॅकेट पुन्हा उघड्या अंगावर चढवले. निघणारा प्रत्येक बोल्ट त्या सदऱ्यावर ओळीने मांडला जात होता. एक गंजलेला बोल्ट काही केल्या हलेना.

"ठोक एक हातोडी," पास्कलभाऊ म्हणाले. "पानी चढते बघ."

"ठोकला तर तुटेल, आणि मग इथेच राहू. तेल सोड आणि थांब."

ते थांबणे मला आजही आठवते. बाबांना धाप लागली होती. पाऊस थांबत नव्हता. आणि हा माणूस बोल्टात तेल मुरण्याची वाट पाहत बसला होता. पण बोल्ट सुटला. खालचा पाय निघाला, पंपाचे झाकण निघाले आणि आतले चक्र हातात आले. एक पाते मुळापासून तुटले होते. जवळच्या डब्यातून त्यांनी नवे चक्र काढले. मला वाटले, झाले, आता निघू. पण ते जुने चक्र हातात धरून काहीतरी शोधत होते.

"काका, आता काय राहिलं?"

"तुटलेलं पातं कुठाय?"

"राहू दे ना ते! बाबांकडे बघा."

त्यांनी खरोखरच काम थांबवून बाबांकडे पाहिले. मग शांतपणे म्हणाले, "त्यांच्याकडे बघूनच शोधतोय. तो तुकडा वरच्या नळीत अडकला असेल, तर नवं चक्र घालूनही पाणी चढणार नाही. आपण निघू, पण पोचणार नाही."

सायकलच्या तारेचा आकडा करून त्यांनी पाण्याच्या नळीत घातला. दोनदा तो रिकामा आला. मग रबराचा काळा तुकडा घेऊनच बाहेर आला. तो त्यांनी तुटलेल्या जागी लावून पाहिला, नीट बसला, तेव्हाच नवे चक्र हातात घेतले. मशीन जोडून होडी पाण्यात लोटली, दोरी ओढली. आम्ही चौघेही, बाबासुद्धा, मशीनच्या मागे डोळे लावून होतो. क्षणभर काहीच नाही. मग एक थुंकी, दुसरी थुंकी, आणि सरळ धार.

"पानी मारते!" पास्कलभाऊ ओरडले.

नाला आम्ही पार केला. बाबा वेळेत पोचले, आणि त्यानंतर बरेच पावसाळे त्यांनी पाहिले. दवाखान्यातल्या खाटेवर हरीभाऊ वाडीतले सोनचाफे ठेवून जात. बाबा गेले त्या दिवशीही तेच फूल घेऊन आले. आईजवळ संध्याकाळपर्यंत बसून राहिले. पुरात अडकलेल्यांना सोडवण्यासाठी हरीभाऊंनी पुढे मंडळ उभे केले; आज माझी आई पावसाळ्यात त्या मंडळाचे फोन घेते. अडकलेल्या माणसाला धीर कसा द्यावा, हे तिला कुणी शिकवण्याची गरज पडली नाही.

मीही मंडळात आले. पावसाळा तोंडावर आला की निर्मळच्या वाडीत, फणसाखाली, हरीभाऊ मशीन उघडत आणि आम्हाला चक्र बदलायला लावत. माझ्या पहिल्या खेपेला मी पाती उलट्या बाजूला वाकवून बसवली. त्यांनी ते पाहिले. तरीही सगळे बोल्ट आवळू दिले, पाण्याच्या पिंपात मशीन सुरू करू दिले. धार पडेना. "वैशाली, उघडा परत," एवढेच म्हणाले आणि आत चहा सांगायला गेले. त्यानंतर माझी पाती कधी उलटी बसली नाहीत. निर्मळचे बागायतदार, कोळीवाड्यातले, मनवेलपाड्याच्या चाळींतले, फ्लॅटमधले नोकरदार, सगळे त्या फणसाखाली एकाच पिंपाभोवती उभे राहिलो, ही त्यांची खरी कमाई.

त्यांचा हेकटपणाही सांगायला हवा, नाहीतर त्यांनाच हा लेख खोटा वाटेल. होडीत ते कुणाला सेल्फी काढू देत नाहीत. एका पाहुण्या पुढाऱ्यांनाही त्यांनी फोन खिशात ठेवायला लावला होता.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी मशीनची दांडी माझ्या हातात दिली. डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, बोटे थरथरू लागली होती. आम्हाला वाईट वाटले. त्यांना तसे वाटल्याचे दिसले नाही. काठावर खुर्ची टाकून ते कुणाला कुठे पाठवायचे ते सांगत राहिले, आणि आम्ही होडीभर माणसे घेऊन परतलो की आधी मुलांना खाली उतरवून घेत.

मध्यंतरी त्यांच्याकडे गेले, तर ते वाडीतल्या बावखलात, म्हणजे शिंपण्यासाठी खणलेल्या तळ्यात, छातीभर पाण्यात उभे! काठावर पास्कलभाऊ.

"काका, हे काय?"

"पोहायला शिकतोय."

"म्हणजे? तुम्हाला पोहता येत नाही?"

"कधीच येत नव्हतं. म्हणून तर जॅकेट काढत नव्हतो." आणि पास्कलभाऊंकडे वळून म्हणाले, "सोड बघू आता हात."

पास्कलभाऊंनी हात सोडला. हरीभाऊ चार हात गेले, गटांगळी खाल्ली, आणि खोकत, हसत उभे राहिले.

पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्यासाठी मागायचे ते एवढेच. त्यांच्या छातीत दम राहो, हातापायांत बळ राहो, पास्कलभाऊंची सोबत राहो. आणि लवकरच एका सकाळी आम्ही सगळे काठावर उभे असताना त्यांनी ते बावखल या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करावे. पुढे शंभरीपर्यंत रोज करावे.